जमिनीवर ठेवलेल्या दांड्या

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. इकडे सगळं जागच्या जागी आहे. चष्म्याचं दुकान चालू आहे, काचा घासून घासून माझी बोटं गुळगुळीत झाली आहेत, पाठ मधूनमधून हजेरी लावून जाते. वहिनीचा खोकला गेला असेल असं धरून चालते. भिंगरी बरी आहे.

फोन उचलत नाहीस, पत्र लिहायची वेळ आणलीस, असं तू पहिल्याच ओळीत ऐकवलंयस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, दादा. मी नुसतं ‘हं’ म्हणेपर्यंत तुझा निर्णय होऊन गेलेला असतो. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून कागद.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या कुत्र्यांच्या मैदानाला पंचवीस वर्षं होतायत, महिन्याच्या शेवटच्या रविवारी समारंभ आहे, आणि त्यात गुंडीने अडथळ्यांची शर्यत पळून दाखवायची. पूर्ण उंचीच्या उड्या, बोगदा, नागमोडी खांब, सगळं. का, तर ती भिंगरीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, आणि पाहुण्यांना या घराण्याची कुत्री बघायची आहेत. माझ्याकडून होत नसेल तर तुझ्याकडे आणून सोडायची, तू तीन आठवड्यांत तयार करतोस. बरोबर सांगितलं ना?

नाही.

दोन्हीला नाही. उड्यांनाही नाही आणि आणून सोडायलाही नाही. गुंडी दहा महिन्यांची आहे. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायांचा एक्स-रे काढला आणि काचेवर लावून मला दाखवला. हाडांची टोकं अजून कोवळी आहेत, सांध्यापाशी बारीक फट दिसते. ती भरेपर्यंत उडी मारायची नाही. बाई म्हणाल्या, “दीड वर्षाची होईपर्यंत धीर धरा.” मी धरणार आहे. अर्ध्या मिलिमीटरने काच चुकली तर माणसाचं डोकं दुखतं, हे मी रोज बघते. तेव्हा बारीक फटीला कमी लेखायची मला सवय नाही.

मग दहा महिने केलंस काय, नुसती मांडीवर घेऊन बसलीस का, असं तू विचारणार. तुझा आवाज मला इथे ऐकू येतोय. सांगते.

कुत्र्याला आपल्याला मागे दोन पाय आहेत हे माहीतच नसतं. पुढचे दोन त्याचे, मागचे आपोआप येतात. गुंडीला मी तिच्या मागच्या पायांची ओळख करून दिली. लाकडी शिडी जमिनीवर आडवी टाकली आणि तिला तिच्यातून चालवलं, प्रत्येक खणात चार पावलं. पहिल्या दिवशी मागचे पाय शिडीत अडकले तेव्हा तिने वळून असं बघितलं की हे कुणाचे इथे आले. आता ती उलटी चालत जाऊन पालथ्या ट्रेवर मागचे दोन्ही पाय ठेवते, न बघता. तुझ्या मैदानावरच्या किती पदकवाल्यांना हे जमतं, करून बघ.

मोठ्या कुंडीला वळसा घालते. डावीकडून लोण्यासारखी वळते, उजवीकडून वळायचं म्हटलं की हिच्या अंगावर काटा. म्हणून उजव्या वळणाला दोन खाऊ आणि डाव्याला एक. हलणाऱ्या फळीला घाबरायची, कारण फळी खाली आपटली की आवाज होतो. मग आम्ही आवाजालाच खेळ केला. पत्र्याचा डबा तिने स्वतः पाडायचा, धडाम झालं की खाऊ. आता दिवसभर डबे पाडत असते आणि माझं डोकं उठवते. लांब ठेवलेल्या चौकोनी पाटावर पळत जाऊन थांबते, म्हणजे पुढे मी मागे राहिले तरी तिला कुठे जायचं ते कळेल. आणि दांड्या आहेतच. चार दांड्या, सारख्या अंतरावर, जमिनीवर. त्यांच्यावरून ती चालते, मग दुडकी, मग धाव, पाऊल मोजून. एकही दांडी वर नाही.

थांबणं सगळ्यात अवघड गेलं, आणि चूक माझी होती. रेषेवर बसवायची, मी पुढे जाऊन उभी राहायची, ‘चल’ म्हटलं की सुटायचं. तीन आठवडे ही बया शब्दाच्या आधीच सुटायची. मी तिला हट्टी ठरवून मोकळी झाले होते. ज्यांच्या आवारात आम्ही सराव करतो ते गृहस्थ आपलं काम करता करता बघायचे. एक दिवस म्हणाले, “ताई, ती बरोबर सुटते. तुमचा खांदा आधी सुटतो, शब्द मागून येतो.” दादा, मी आरशापुढे उभी राहून बघितलं. खरंच. ‘चल’ म्हणायच्या आधी मी खांदा पुढे टाकते. पोर माझं ऐकत नव्हती असं नाही, माझ्या खांद्याचं ऐकत होती. मग मीच शिकले. आता मी हात हलवते, खाली वाकते, शिंकते, पण ती जागची हलत नाही. ‘चल’ म्हटलं की बाण.

मैदानावर सगळे तुला कॅप्टन म्हणतात, आणि तू शाळेचा सोडून दुसरा गणवेश आयुष्यात घातलेला नाहीस. म्हणू देत. पण मी तुझी शिपाई नाही, आणि गुंडीही नाही.

मैदानावर का येत नाहीस, सराव कुठे करतेस, हेही विचारलंयस. आवार मिळालंय एक. सावली आहे, जमीन मऊ आहे, गृहस्थ ओळखीचे आहेत. एवढं पुरे.

वहिनीला हे वाचून दाखवू नकोस, तिला उगाच वाटेल आपण भांडतोय. तसे भांडतोयच म्हणा.

तुझीच,
धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या सहा ओळी पोचल्या. खुशाली विचारत बसत नाही, तूही विचारली नाहीस.

तू लिहितोस, मी कुत्रीला लाडावून ठेवलंय. शिड्या आणि डबे हे पोरखेळ आहेत. गुंडीची नोंद तुझ्या नावावर आहे, शनिवारी दहाला गाडी घेऊन येतोस, पट्टा घालून तयार ठेवायची. आणि शेवटी, “भिंगरीचं जे झालं ते नशीब होतं, गवत ओलं होतं, ते यात आणू नकोस.”

मी आणलंच नव्हतं, दादा. माझं पत्र काढून बघ. तिच्या तब्येतीबद्दल ‘भिंगरी बरी आहे’ एवढे तीन शब्द लिहिले होते, आणि तेही पटकन लिहून पुढे गेले होते, कारण मलाही तो विषय नको होता. तो तू आणलास. तेव्हा आता पूर्ण आणते. खुर्चीवर बस आणि शेवटपर्यंत वाच.

भिंगरी बरी नाही. ती तीन वर्षांची आहे आणि जिन्याच्या सहा पायऱ्या मी तिला उचलून चढवते. कोपराखालची दोन हाडं, एक वाढायचं थांबलं आणि दुसरं वाढत राहिलं, म्हणून डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलाय. थंडीत तो पाय ती जमिनीला लावत नाही. गुंडी धावायला लागली की ही दारात बसून मान इकडून तिकडे फिरवते. हे तू बघितलेलं नाहीस, कारण दोन वर्षांत तू माझ्या घरी आलेला नाहीस.

तिला लागलं त्या सकाळी काय झालं ते परवापर्यंत आपण दोघं सोडून कुणाला माहीत नव्हतं. आपणही एकमेकांशी कधी बोललो नाही. आज बोलते.

भिंगरी नऊ महिन्यांची होती. प्रात्यक्षिक आठवड्यावर आलं होतं. चार दिवस ती दांडीच्या आधी एक जास्तीचं बारीक पाऊल टाकत होती. आपण दोघांनी ते बघितलं. तू म्हणालास, “नखरे करतेय.” मीही म्हणाले, “नखरे करतेय.” तिला दुखत होतं, एवढं साधं होतं ते. आज एखादं नवखं पोरगंसुद्धा मला ते सांगेल. पण आपण दोघं जाणकार, आपल्याला ते नखरेच दिसले.

आदल्या संध्याकाळी तू म्हणालास, उद्या दांडी एक खाच वर. मी सकाळी साडेसहाला एकटीच मैदानावर गेले आणि दोन खाचा वर चढवली. कुणी सांगितलं नव्हतं. तू आठला येशील तेव्हा तुला दाखवायचं होतं, की बघ, तुझ्याआधी मी करून घेतलं. बास, एवढंच कारण. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि मला मोठ्या भावाकडून शाबासकी हवी होती.

पहिली उडी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या उडीला ती खाली आली तशी डाव्या पायावर दुमडली. ओरडली नाही. उठली, तीन पायांवर चालत परत गेली, आणि रेषेवर जाऊन बसली. माझ्याकडे बघत. मी ‘चल’ म्हणायची वाट बघत. दादा, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मग तू आलास. तू आधी तिच्याकडे बघितलंस, मग दांडीकडे. दांडीपाशी गेलास आणि ती दोन खाचा खाली उतरवलीस. मग वाकून गवतावरून तळहात फिरवलास. तो हात तू पँटला पुसलासुद्धा नाहीस, पुसायला काही नव्हतंच. तेवढ्यात माळीकाका फाटकातून सायकल ढकलत आत येत होते. पाण्याची नळी भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळलेली, कोरडी ठणठणीत. आणि तू मोठ्याने म्हणालास, “गवत ओलं होतं. पाणी कुणी सोडलं?”

मी तोंड उघडलं नाही.

सतरा वर्षं त्या माणसाने ते गवत राखलं. त्याच संध्याकाळी तू त्यांना काढलंस. ते एकदाच म्हणाले, मी पाणी दिलं नव्हतं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी भिंगरीला मांडीवर घेऊन गाडीत बसले होते. मी काच वर केली.

तू मला वाचवलंस, हे मला तेव्हाही कळलं होतं. मला ते नको होतं असं आता म्हणणार नाही. तेव्हा हवं होतं, ते मी घेतलं, आणि दोन वर्षं गप्प बसून वापरलं. पण तू फक्त मला वाचवलंस असंही नाही. कोवळ्या हाडांबद्दल डॉक्टरीणबाईंनी तुला दोनदा बजावलं होतं, आणि ‘एक खाच वर’ हा हुकूम तुझा होता. आपण दोघांनी मिळून तिसऱ्याच माणसाला पुढे केलं. तेव्हा नशिबाचं नाव काढू नकोस.

आता आवाराचं. माझ्या गेल्या पत्रातले ते ओळखीचे गृहस्थ म्हणजे माळीकाका. नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर पाणी पी आणि पुढे वाच. गुंडी दोन महिन्यांची होती तेव्हा मी दांड्यांसाठी बांबू आणायला नर्सरीत गेले होते, ती पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेली. रोपांच्या रांगेमागून ते उठले. पळून जावं असं वाटलं. त्यांनी मला ओळखलं, गुंडीकडे बघितलं आणि म्हणाले, “हिला पिशवीत का कोंबलंय? मागे आवार रिकामं आहे, मोकळं सोडा.” तेव्हापासून आम्ही रोज जातो. आठ महिने मी त्यांच्या कुंड्या वापरल्या, त्यांची शिडी वापरली, त्यांचा चहा प्याले आणि एक अक्षर बोलले नाही. मला स्वतःची लाज वाटायची आणि तरी मी दुसऱ्या दिवशी परत जायची.

तुझ्या सहा ओळी वाचल्या आणि काल मी सांगून टाकलं. ते रोपांच्या पिशव्या भरत होते. मी उभ्यानेच सगळं बोलले, दांडी, खाचा, गवत, काच वर केली तेही. त्यांनी हातातली पिशवी पूर्ण भरली, खाली ठेवली, माती झटकली.

म्हणाले, “पाणी मी दिलं नव्हतं हे मला माहीतच होतं की, ताई. ते मला कशाला सांगता? तुम्हाला माहीत आहे का, एवढंच मला बघायचं होतं.”

मी म्हटलं, “मग आठ महिने विचारलं का नाहीत?”

“विचारल्यावर तुम्ही बोलला असतात तर काय उपयोग?” असं म्हणाले आणि पुढची पिशवी घेतली.

मी रडले, तर म्हणाले रोपांवर नको, बाजूला व्हा.

तेव्हा शनिवारी तू ये. माझ्या घरी नको, नर्सरीच्या मागच्या फाटकाने ये, दहाला आम्ही तिथेच असू. नोंदीचा कागद तुझ्या नावावर आहे ना, तो तू कपाटात नीट ठेव. पाय तिचे आहेत, आणि त्यांची राखण मी करणार. पट्टा घालून तयार ठेवणार नाही.

आणि हे पत्र वहिनीला वाचून दाखव. नाही दाखवलंस तर मी तिला तोंडी सांगेन.

धाकटी


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

वाटलं होतं तू फोन करशील. आला नाही. तेव्हा शनिवारी काय झालं ते मीच लिहून ठेवते. तू ते स्वतःला वेगळं सांगायला लागायच्या आत ते तुझ्या हातात पडलेलं बरं.

तू आलास तेव्हा माळीकाकांनी तुला बसायला स्टूल पुढे केलं. तू बसला नाहीस. त्यांच्याकडे न बघता मला विचारलंस, “दांड्या कुठायत?” मी जमिनीकडे बोट दाखवलं. तू चारपैकी एक बांबू उचललास, दोन पालथ्या कुंड्यांवर आडवा ठेवलास आणि गुंडीचा चेंडू पलीकडे फेकलास.

आणि गुंडी सरळ बांबूच्या खालून गेली. तिला वरून जायचं असतं हेच ठाऊक नाही, कुणी सांगितलंच नाही तिला. चेंडू घेऊन परत आली तीही खालून, शेपूट हलवत, जगातलं सगळ्यात शहाणं कुत्रं असल्यासारखी. तुझ्या तोंडाचे स्नायू हलले होते, दादा. मी बघितलं. हसू येत होतं तुला.

मग माळीकाका पुढे आले आणि त्यांनी तो बांबू उचलून खाली जमिनीवर ठेवला. तू तो परत उचलून कुंड्यांवर ठेवलास. त्यांनी परत खाली ठेवला. तू तिसऱ्यांदा वाकलास. त्यांनी बांबूवर पाय ठेवला. जोराने नाही, नुसता ठेवला, मातीने भरलेली चप्पल. तू वाकलेलाच राहिलास. तिथून त्यांच्याकडे वर बघत म्हणालास, “तुम्ही त्या दिवशी...” आणि पुढचा शब्द तुझ्या तोंडून आला नाही.

ते म्हणाले, “बोला, साहेब. मी ऐकतोय.”

तू उठलास, गुडघ्यावरची माती झटकलीस आणि गाडीकडे गेलास. गुंडीसाठी आणलेला पट्टा आमच्या स्टुलावर विसरलास. मी हाक मारली नाही. खरं सांगायचं तर मारावीशी वाटली. तू गाडीत बराच वेळ चाक धरून बसला होतास आणि तुझं डोकं पुढे झुकलेलं होतं. एवढ्यात तू किती म्हातारा दिसायला लागलायस, हे मला त्या क्षणी दिसलं. पण हाक मारली असती तर मी तुला सोडवलं असतं, जसं तू मला सोडवलं होतंस. आणि त्याने काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय.

काल समारंभाची कार्यक्रमपत्रिका टपालाने आली. छपाई छान आहे. चौथ्या क्रमांकावर गुंडीचं नाव आहे, पाच मिनिटं, ‘अडथळ्यांची शर्यत, प्रात्यक्षिक’. मला न विचारता छापलंस. मागच्या पानावर पंचवीस वर्षांत ज्यांनी मैदानासाठी राबून काम केलं त्यांची यादी आहे. ज्या माणसाने एकदा मंडप बांधला त्याचंही नाव आहे. सतरा वर्षं गवत राखणाऱ्याचं नाही. यादी तू केली असणार. लिहिताना तुझा हात कुठे थांबला होता का, हे मला विचारायचं आहे.

वहिनी परवा दुकानात येऊन गेली. चष्मा सैल झालाय म्हणून आली होती, पण चष्मा घट्टच होता. म्हणाली, ते दोन दिवस जेवत नाहीत, बोलत नाहीत, नुसते मैदानावर जाऊन बसतात. तू तिला पत्र वाचून दाखवलेलं नाहीस. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं काहीतरी आहे. ते पाण्याच्या नळीला हात लावत नाहीत दोन वर्षं.”

आता रविवारचं ऐक. मी येणार आहे. गुंडी येणार नाही. तिला आठ महिने तरी उडी नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तरच. त्या दिवशी ती भिंगरीबरोबर घरी राहील. चौथ्या क्रमांकाची पाच मिनिटं मात्र मी सोडणार नाही. माइक मला द्यायचा नाही असं तू कुणाला सांगून ठेवलंस तर मी माइकशिवाय बोलेन, माझा आवाज तुझ्याच घरातला आहे. दांडी मी चढवली होती, गवत कोरडं होतं, आणि एका माणसावर आपण खोटा आळ घेतला, एवढंच बोलायचं आहे. तू दांडी उतरवलीस ते मी बोलणार नाही. ते तुझं आहे, तू बोल किंवा बोलू नकोस.

माळीकाकांना मी विचारलं, रविवारी याल का.

त्यांनी विचारलं, “बोलावणं कुणाचं?”

म्हटलं, “माझं.”

“तुमचं नको, ताई. साहेबांचं आलं तर येईन.”

तर दादा, तू काहीही केलंस तरी मी बोलणार आहे. तुला कमीपणा येईल, मलाही येईल, पंचवीस वर्षांच्या दिवसावर माती पडेल, हे सगळं मला कळतं. मी नीट विचार केलाय आणि माघार घेणार नाही. फक्त ते ऐकायला ज्याचा हक्क पहिला, तो माणूस पहिल्या रांगेत बसलेला असेल की नर्सरीत पिशव्या भरत असेल, एवढं तुझ्या हातात आहे.

नर्सरी सकाळी आठला उघडते. ते साडेसातलाच येऊन बसतात. गाडी लांब उभी कर आणि चालत जा.

नमस्कार या वेळी कागदावर करत नाही. रविवारी सगळ्यांच्या देखत, तुझ्यासमोर ताठ उभी राहून करीन.

तुझी बहीण